हवेतून कापूस ओढणारे काकाजी

गाणं सुरू झालं की काकाजी हवेतून कापूस ओढायचे.

हे मी काही अलंकार म्हणून लिहीत नाही. दोन्ही हातांच्या अंगठ्यांच्या आणि पहिल्या बोटांच्या चिमट्या व्हायच्या. त्या छातीसमोर एकमेकींना भिडायच्या आणि मग हळूहळू दूर जायच्या, जणू मध्ये एक पुंजका धरला आहे आणि त्याचा धागा किती निघतो ते बघायचं आहे. गाणं लागलं तर हात चांगले वीतभर लांब जात. नाही लागलं तर चिमट्या जागच्या जागी सुटत आणि काकाजी बोटं झटकून टाकत, सरकी टाकावी तशी. मग म्हणत, "धागा नाई."

गाण्याला मान हलवणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मांडीवर ताल धरणारी, डोळे मिटून गदगदणारीही पाहिली असतील. पण कापसाची लांबी मोजावी तशी गाण्याची लांबी मोजणारा माणूस मी तरी एकच पाहिला.

काकाजी आर्वीच्या कापूस बाजारात एका व्यापाऱ्याचे ग्रेडर होते. कापसाचा ट्रॅक्टर यार्डात आला की लिलावाच्या आधी ग्रेडरने माल बघायचा, अशी पद्धत. बाकीचे ग्रेडर वरून मूठभर कापूस उचलत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत आणि मग बोलत. काकाजी कोणाच्याच तोंडाकडे बघत नसत. शर्टाची बाही वर सारून हात थेट खांद्यापर्यंत ढिगात घालत, डोळे आभाळाला लावत आणि ढिगाच्या पोटातून एक पुंजका काढून आणत.

"वरचा कापूस साऱ्याईचा सारखाच रायते," ते म्हणत. "आत हात घाल, मंग बोल."

मी त्याच यार्डाच्या कार्यालयात कारकून. काम टपालाचं आणि सभांचे कागद लिहिण्याचं. माझे बाबा तिथेच हमाली करत. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मी खुर्चीवर बसलेला कसा दिसतो ते बघायला बाबा पहिल्या दिवशी दुपारी खिडकीशी येऊन उभे राहिले होते, पाठीवर पोतं असतानाच. काकाजींनी ते बघितलं आणि त्या दिवसापासून माझं नाव 'बीए' ठेवलं. "काय बीए, जेवला का?" नावाने त्यांनी मला कधीच हाक मारली नाही.

पण काकाजींची आणि माझी खरी ओळख यार्डात झाली नाही, रविवारी झाली.

आमच्या गावात एक श्रोतृमंडळ आहे. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शास्त्रीय संगीत ऐकायचं. अध्यक्ष आमचे सर, म्हणजे माझ्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. दहावीनंतर मी शिक्षण सोडणार होतो तेव्हा सर आमच्या दारात येऊन उभे राहिले होते. बसलेसुद्धा नाहीत. बाबांना "हा शिकेल" एवढंच म्हणाले आणि सायकलवर बसून गेले. त्या दोन शब्दांवर मी पुढची पाच वर्षं काढली. त्यामुळे सरांनी "रविवारी येत जा" म्हटल्यावर मी गेलो. गाण्यातलं मला काही कळत नव्हतं. पण शिकलेला माणूस म्हणजे ज्याला हे कळतं तो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती आणि मला शिकलेला माणूस व्हायचं होतं.

मंडळाची पद्धत सोपी होती. सरांकडे जुन्या ध्वनिफितींचा संग्रह होता, तो आता पेनड्राइव्हवर घेतलेला. स्पीकर डॉक्टरांचे. हे डॉक्टर म्हणजे गावातले होमिओपॅथीवाले, मंडळाचे उपाध्यक्ष. गाणं लागलं की आम्ही वीसेक सभासद सरांच्या मानेकडे बघायचो. मान डावीकडून उजवीकडे गेली तर गाणं चांगलं. वरून खाली गेली तर फारच चांगलं. मान हलल्यावर पहिलं 'वाह' डॉक्टरांचं, कारण स्पीकर त्यांचे. मग आम्हा सगळ्यांचं. डोळे मिटायला परवानगी होती. पण दोन्ही डोळे मिटले तर मान दिसत नाही, म्हणून जुने सभासद सरांच्या बाजूचा एक डोळा उघडा ठेवत.

काकाजी तेवढे खिडकीशी बसत, बाहेर बघत. गाणं संपलं की सर मोठ्या मनाने विचारत, "काकाजी?"

"धागा नाई, सर."

"अहो, फार मोठ्या घराण्याचं गाणं आहे हे."

"असन ना. मोठ्या घरचा कापूसही ओला निघते."

सगळे हसत. काकाजींना गाण्यातलं कळत नाही, पण माणूस गमतीचा आहे, असं मंडळाचं मत होतं. माझंही तेच होतं.

खाली उतरताना जिन्यात ते मला गाठत. "तुले कसं वाटलं?"

"छान होतं. सर म्हणाले ना, की दुसऱ्या भागात…"

"सराले नाई इचारलं."

"सगळ्यांनाच आवडलं, काकाजी."

"साऱ्याईले बी नाई इचारलं. तुले इचारलं."

मी चप्पल शोधत असल्याचं दाखवायचो. खरं सांगतो, मी उत्तर लपवत नव्हतो. माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

मग एका हिवाळ्यात सरांची मान दुखायला लागली आणि मंडळावर संकट आलं.

मोठ्या दवाखान्यातून सरांच्या मानेला पट्टा बसवला गेला. पांढरा, जाड, हनुवटीपर्यंत. तरीही सर रविवारी वेळेवर आले आणि खुर्चीत ताठ बसले. गाणं लागलं. आम्ही मानेकडे बघितलं. मान हलेना. हलणारच नव्हती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. डॉक्टरांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या शेजारी बसलेल्या, बँकेतल्या साहेबांनी मला हळूच विचारलं, "हे वाईट आहे का?" मी म्हटलं, "कळायला मार्ग नाही." दोन तासांत पाच गाणी झाली आणि वीस शिकलेल्या माणसांना त्यांतलं एकही आवडू शकलं नाही.

मंडळाचं इतिवृत्त मी लिहायचो. मी लिहिलं, "आज कोणतेही गाणे आवडले नाही." सरांनी संपूर्ण शरीर वळवून वहीत बघितलं. "असं नको," ते म्हणाले. "मत राखून ठेवले, असं लिही."

पुढच्या रविवारीही पट्टा होता. गाणं लागलं. डॉक्टरांची नजर बुडत्या माणसासारखी खोलीभर फिरली आणि फिरत फिरत खिडकीशी, काकाजींच्या हातांवर येऊन थांबली. चिमट्या एकमेकींपासून लांब जात होत्या. इंचभर, दोन इंच, चार इंच.

"वाह!" डॉक्टर म्हणाले.

"वाह!" आम्ही म्हणालो. सुटकेचा तो आवाज खालच्या मजल्यावर पेपर वाचणाऱ्यांनाही ऐकू गेला.

त्या दिवसापासून आमच्या खुर्च्या थोड्या थोड्या वळायला लागल्या. मुद्दाम कोणी वळवल्या नाहीत. पण चौथ्या रविवारपर्यंत सगळ्यांची तोंडं खिडकीकडे होती आणि स्पीकर आमच्या पाठीमागून वाजत होते. इतिवृत्तातली भाषाही बदलली. 'सहा इंच', 'आठ इंच, शेवटी किंचित तुटले', असे शेरे मी गांभीर्याने लिहीत होतो. ती वही आजही माझ्याकडे आहे. वाचताना कान गरम होतात.

काकाजींना हे कळायला दोन महिने लागले, कारण ते बाहेर बघत. एकदा गाणं लागायचंच होतं. डॉक्टर स्पीकरच्या वायरी जोडत होते. काकाजींच्या शर्टाच्या बटणाचा दोरा सुटला होता, तो त्यांनी चिमटीत धरून लांब ओढला.

"वाह!" सगळी खोली म्हणाली.

काकाजींनी हातातल्या दोऱ्याकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं, पहिल्यांदाच. एकेका तोंडावरून त्यांची नजर फिरली आणि शेवटी माझ्यावर थांबली. मीही 'वाह' म्हणालो होतो.

पुढच्या रविवारी त्यांचे हात खिशात होते. लोक खिशांकडे बघू लागले. मग ते शाल पांघरून आले. एप्रिल महिना, वर्धा जिल्हा, आणि हा माणूस शालीत. डॉक्टर कळवळून म्हणाले, "काकाजी, ताप आहे का? जरा हात बाहेर काढा." मग एकदा त्यांनी पूर्ण दोन तास दोन्ही हातांत चहाचा कप धरून ठेवला. बँकेतले साहेब चहावर उठणाऱ्या लाटांवरून अंदाज बांधू लागले.

तोपर्यंत सरांचा पट्टा निघाला होता. मान पूर्ववत हलत होती, पण आता तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. सर स्वतःच खिडकीकडे बघत होते. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक सांगू? मान बांधलेली होती ना, तेव्हा मला गाणं जास्त ऐकू येत होतं." सर थट्टा करत असावेत असं समजून मी हसलो. सर हसले नाहीत.

त्याच दिवशी जिन्यात काकाजींनी मला थांबवलं.

"बीए, मले गाणं आयकू नाई येऊन राह्यलं."

मी घाबरलो. म्हटलं, वर्ध्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवू.

"कानाचं नाई रे, लेका. चाळीस डोळे हातावर घेऊन तू आयकून पाह्य एखांद्या दिवशी."

"मग घरी मोबाइलवर का ऐकत नाही? आता सगळं मिळतं."

काकाजी एक पायरी उतरून वळले. "एकट्यानं आयकलं का मले खरं नाई वाटत. कापूस बी मी पाह्यतो, मंग शेतकऱ्याच्या हातात देतो, म्हणतो तू बी पाह्य. थ्यो पाह्यते. मंग आमचं भांडण होते. मंग कापसाचं काय ते समजते." मग म्हणाले, "सोबत पाहिजे रे. शेपूट नाई पाहिजे."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं आणि मी मान हलवली. काकाजींनी माझ्या हलणाऱ्या मानेकडे असं बघितलं की मी ती लगेच थांबवली.

मंडळाचा वार्षिक कार्यक्रम मंगल कार्यालयात असतो. त्या वर्षी नागपूरहून एक गायिका आल्या होत्या. चाळिशीतल्या, गोड बोलणाऱ्या. दुपारी चारची वेळ. काकाजी पहिल्या रांगेत कडेला बसले आणि कोणाला काही दिसू नये म्हणून दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून टाकले.

आता मंडळाने काय करावं? मार्गदर्शन बंद झालं होतं. तेव्हा डॉक्टरांनी धाडस केलं. त्यांनी स्वतःच चिमट्या जुळवल्या आणि हवेतून कापूस ओढला. त्यांचं बघून सरांनी ओढला. मग आमच्या दोन्ही रांगांनी. बाईंनी डोळे उघडले तेव्हा समोर वीस माणसं गंभीर चेहऱ्याने हवेत चिमट्या धरून बसली होती.

बाई तान अर्धी सोडून थांबल्या. "माफ करा," त्या म्हणाल्या, "आपल्याकडे तपकीर ओढायची प्रथा आहे का?"

सर उभे राहिले. "नाही, बाई. ही आमच्या मंडळाची दाद देण्याची रीत आहे."

"अस्सं," बाई म्हणाल्या. त्यांनी रांगांवरून नजर फिरवली आणि कडेला हातांवर बसलेल्या एकट्या माणसापाशी ती थांबली. "मग यांना नाही आवडलं वाटतं."

वीस जणांच्या चिमट्या एकदम सुटल्या. काकाजींना आवडलं नसेल तर आपण भलत्याच गाण्याला दाद दिली होती. डॉक्टरांनी तर हात रुमालाला पुसले. आणि बाईंचा चेहरा, जो इतका वेळ उजळलेला होता, तो उतरला. मी दुसऱ्या रांगेत होतो, मला स्पष्ट दिसला.

काकाजी उठले. "नाई बाई, नाई! भल्लं आवडलं मले. इतकं सुंदर मी लय दिवसात नाई आयकलं." बोलता बोलता त्यांना नमस्कार करायचा होता, पण हात वर येईनात. कोपरापासून खाली दोन्ही हात लुळे लोंबत होते. "हाताले मुंग्या आल्या," ते कासावीस होऊन म्हणाले. "दाबून ठेवले होते. तुमच्यावर राग नाई. मुंग्या आल्या फक्त."

बाई हसल्या, गाणं पुढे झालं. पण काकाजी मध्यंतरात निघून गेले. त्यानंतर ते मंडळात आले नाहीत.

महिनाभराने यार्डात मी त्यांना विचारलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाकलेले होते, हात खांद्यापर्यंत कापसात.

"त्या बाईचं तोंड उतरलं ना रे," ते म्हणाले. "आवडलेल्या गाण्याचं तोंड माह्यामुळं उतरलं. अन् काऊन? तं मी माहे हात लपवून राह्यलो होतो. आता नोको." मग पुंजका बाहेर काढत म्हणाले, "रविवारी घरी येजो. एक चीज आयकवतो."

त्यांचं घर स्टँडच्या मागच्या वस्तीत. काकूंनी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती. काकाजींनी मोबाइल छोट्या स्पीकरला जोडला आणि एक जुनं गाणं लावलं. कोणी तरी फार म्हातारी बाई गात होती. आवाज फाटलेला. मध्येच तिला खोकला येतो, ती थांबते, बाजूला कोणी तरी पाणी देतं त्याचाही आवाज येतो, आणि मग ती सोडलं तिथूनच पुन्हा धरते. काकाजींचे हात लांब लांब जात होते. हात इतके लांब गेलेले मी कधीच पाहिले नव्हते.

गाणं संपलं. "तुले?"

"छान," मी म्हणालो.

काकाजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. स्पीकरचं बटण बंद करत ते नुसतं म्हणाले, "जाऊ दे. वडी खा." त्यांनी माझी आशा सोडली, हे मला त्या आवाजात कळलं. सर आमच्या दारात उभे राहून "हा शिकेल" म्हणाले होते; इथे एक माणूस माझ्यासमोर बसून, हा काही शिकणार नाही, असं मनात ठरवत होता.

"मला नाही आवडलं," मी म्हणालो.

तो आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही.

काकाजींनी वडी ताटात ठेवली. "काऊन?"

"मला तिची दया येत होती. दया आली की गाणं ऐकू येत नाही. आवाज फाटलाय, दम पुरत नाही, आणि तो खोकला…"

"खोकलाच तं जान हाय त्याची!" काकाजी जवळजवळ उभे राहिले. "खोकल्याच्या आजूबाजूचा सूर आयकला का? खोकल्याच्या मांगचा अन् खोकल्याच्या पुढचा, एकच सूर हाय! मधात मरण येऊन गेलं तरी थ्यो हालला नाई!"

"सूर हलला नाही, पण माझं लक्ष हललं ना!"

"तुह्यं लक्ष हाललं त्यात तिचा काय दोष बे?"

"मग आवडायचं कोणाला, तिला की मला?"

आम्ही इतके जोरात बोलत होतो की काकू स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन बाहेर आल्या. "भांडून राह्यले का तुम्ही?"

"नाई वं," काकाजी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की तसं मी बापजन्मात पाहिलं नव्हतं. "गाणं आयकून राह्यलो."

मला चेव आला. मनात वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली एक गोष्ट मी त्यांना सांगून टाकली. मला लग्नाच्या बँडातली क्लॅरिनेट आवडते. वरात रस्त्यावरून चालली असताना गर्दीच्या आणि ढोलाच्या वर ती एकटीच जी चढत जाते, ती. माझा मामा पुलगावच्या एका बँडात वाजवायचा. मंडळात हे बोलायची सोय नव्हती. सांगून झाल्यावर मी काकाजींच्या तोंडाकडे बघितलं.

"मले नाई आवडत बँड," ते म्हणाले. "डोकं उठते."

मी पार हिरमुसलो. मला वाटलं होतं, ते शाबास म्हणतील.

"पण तुले आवडते ना?"

"हो."

"मंग माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यला?"

म्हणजे तिथेही मी मान शोधतच होतो. फक्त मान बदलली होती.

त्यानंतर वर्षभर आमच्या रविवारच्या दुपारी अशाच गेल्या. ते एक गाणं लावत, मी एक लावत असे. दहातल्या सहा गाण्यांवर आमचं पटत नसे. उरलेल्या चारांवर पटलं की दोघांनाही जरा चुकल्याचुकल्यासारखं होई. लग्नसराईत एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बीए, आमच्या गल्लीतून वरात निंघून राह्यली. बँड चांगला हाय म्हणतात. ये लवकर." मी सायकल मारत गेलो. काकाजी रस्त्याच्या कडेला माझी वाट बघत उभे होते आणि त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

"हे काय, काकाजी?"

"मले बँड सहन नाई होत," ते मोठ्याने ओरडले. "पण तू एकटा काऊन उभा राहशील?" मग कानाकडे बोट दाखवून अभिमानाने म्हणाले, "लांब धाग्याचा हाय!"

पूर्ण वरात पुढे जाईपर्यंत ते माझ्या शेजारी उभे होते. त्यांना एक सूर ऐकू येत नव्हता. मध्ये मध्ये माझ्या चेहऱ्याकडे बघून ते समाधानाने मान डोलावत. क्लॅरिनेट त्या दिवशी अप्रतिम वाजली. हे मी कोणालाही न विचारता सांगतो आहे.

गेल्या दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला आणि एका सकाळी यार्डात काकाजींच्या जागी दुसरा ग्रेडर उभा दिसला. मी विचारायच्या आधीच बाबा पोतं टाकून माझ्याकडे येत होते. काकाजी पहाटे झोपेतच गेले होते.

तेरवीनंतरच्या रविवारी मंडळाने श्रद्धांजलीची सभा ठेवली. खुर्च्या सरळ मांडलेल्या होत्या. काकूंना मानाने पहिल्या रांगेत बसवलं. त्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पहिल्यांदाच येत होत्या. बोलताना सरांनी दोनदा चष्मा काढून पुसला, आणि ते खोटं नव्हतं. मग डॉक्टरांनी एक चौकट उघडून दाखवली. 'काकाजींची निवड.' त्यांना आवडलेल्या अकरा गाण्यांची यादी, काकूंकडून त्यांचा मोबाइल घेऊन केलेली, छापून, काच लावून. यापुढे मंडळात दर महिन्याला यातलं एक गाणं ऐकायचं, असा ठराव सरांनी मांडला. "यातलं प्रत्येक गाणं आता आपल्या सगळ्यांना आवडतं," सर म्हणाले.

यादीत पहिलं होतं ते म्हाताऱ्या बाईचं गाणं. डॉक्टर ते लावायला वाकले.

ठरावाला अनुमोदन द्यायला सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या घराच्या दारात उभं राहून बाबांकडे बघितलं होतं त्याच विश्वासाने बघितलं. माझ्या हातात इतिवृत्ताची वही होती. मी उभा राहिलो.

"सर, मला हे गाणं आवडत नाही," मी म्हणालो. "काकाजींना फार आवडायचं. आमचं यावरून वर्षभर भांडण चाललं होतं. ते अजून मिटलेलं नाही. म्हणून मी अनुमोदन देऊ शकत नाही."

बँकेतल्या साहेबांनी मान खाली घातली. मी ज्यांच्यामुळे शिकलो त्या माणसाला मी भर सभेत नाही म्हणालो होतो, तेही एका गेलेल्या माणसाच्या बायकोसमोर. मला वाटलं, आता बसावं आणि पुन्हा कधी उठू नये.

"मले बी नाई आवडत," काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी माना वळवल्या.

"हाव ना. लग्न झालं तवापासून सांगून राह्यली मी त्याईले, का हे रडगाणं बंद करा म्हणून. दर खेपी म्हणे, काऊन नाई आवडत ते सांग. मी सांगो. मंग आमचं वाजे." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "तू येऊन भांडेपर्यंत मले वाटे मी एकटीच हाय."

सर उभेच होते. त्यांच्या हातात ठरावाचा कागद होता. "मग," ते गोंधळून म्हणाले, "लावायचं की नाही लावायचं?"

"लावा ना," काकू म्हणाल्या. "आवडाचं त्याईले होतं. आपल्याले आयकाले काय जाते?"

डॉक्टरांनी बटण दाबलं. मी पुढे जाऊन काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. म्हातारी गायला लागली. तो फाटलेला आवाज, तो पुरत नसलेला दम, सगळं तसंच होतं. काकूंच्या कपाळावर आठी होती, माझ्याही असेल. मध्येच खोकला आला, पाण्याचा पेला वाजला, पुन्हा सूर लागला. आम्ही दोघं हललो नाही.

गाणं मला त्या दिवशीही आवडलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं.